सतरा हाकांची शेळी

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळे नवरे तसे गावोगाव असतात, पण त्यांच्या बायका ते चारचौघांत कबूल करत नाहीत. या नवऱ्याचं नाव म्हाळू. बायकोचं नाव गोजरा. गोजरा मोठी हिशेबी बाई. बाजारात गेली की दोन आण्यांची वस्तू दीड आण्यात आणायची, वर मूठभर कोथिंबीर फुकट.

मग गोजरा बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, अशी रीत. घरात सासू नाही, माहेरी कोणी नाही. मग मंगळवारचा बाजार करायचा कोणी? म्हाळूने.

त्यात पोरीला आईचं दूध पुरेना. शेजारची ठमाबाई वाटीभर दूध द्यायची. अर्धं दूध, अर्धं पाणी. पैसे मात्र सगळ्या वाटीचे घ्यायची. पोरीचं पोट भरेना आणि रडं थांबेना. गोजराने फडताळातल्या गाडग्यात वीस रुपये साठवले होते. एक दुभती शेळी घ्यायची, म्हणजे पोरीला दूध आणि ठमाबाईला रामराम. पण ते वीस रुपये म्हाळूच्या हातात द्यायची तिची छाती होईना.

"आधी बाजार करायला शिका," ती म्हणाली. "मग शेळीचं बघू."

पहिल्या मंगळवारी म्हाळूने भेंडी आणली. गोजरा चिरायला बसली. विळीच दमली.

"आवं, ही भेंडी हाय का सरपण?"

"भेंडीच हाय. मी इचारून घेतली."

"इचारून न्हाई, मोडून घ्यायची असती! शेंडा मोडायचा. कट्कन मोडला तर घ्यायची. न्हाई मोडला तर जून हाय म्हणून ठेवायची."

"मोडून घ्यायचं," म्हाळू म्हणाला आणि ते डोक्यात ठेवलं. त्याच्या डोक्यात जागेला तोटा नव्हता.

दुसऱ्या मंगळवारी गोजराने माठ आणायला सांगितला. म्हाळू कुंभारणीकडे गेला. पहिल्या माठाचा काठ त्याने दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावला. मोडेना.

"जून हाय," म्हाळू म्हणाला आणि माठ बाजूला ठेवला.

दुसराही जून निघाला. तिसऱ्याचा काठ मात्र कट्कन मोडून हातात आला.

"हां! ह्यो कोवळा हाय. ह्योच द्या."

कुंभारीण आधी बघतच राहिली. मग तिने जे तोंड सोडलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. म्हाळूने पैसे दिले, कोवळा माठ डोक्यावर घेतला आणि घरी आला. काठाचा तुकडा त्याने पुरावा म्हणून खिशात आणला होता.

गोजराने कपाळावर हात मारला.

"आवं, माठ मोडत न्हाईत, वाजवत्यात! टिचकी मारायची. खणकन वाजला तर घ्यायचा. बद्द वाजला तर न्हाई."

"वाजवून घ्यायचं," म्हाळू म्हणाला आणि तेही डोक्यात ठेवलं.

तिसऱ्या मंगळवारी अंडी आणायची होती. एक म्हातारी टोपलीत पंधरा अंडी घेऊन बसली होती. म्हाळू उकिडवा बसला. पहिल्या अंड्याला त्याने हलकी टिचकी मारली. आवाजच येईना. म्हणून जरा जोरात मारली.

पचकन.

"हे न्हाई चालायचं," म्हाळू म्हणाला आणि दुसरं घेतलं. पचकन. तिसरं. पचकन. म्हातारीला कमी दिसत होतं. तिला वाटलं, गिऱ्हाईक अंडी मोजतंय. चौदा अंडी झाली, तेव्हा म्हाळूने मान हलवली.

"आजी, एक बी खणकन वाजंना. तुझी सगळी अंडी फुटकी हायेत."

म्हातारीने टोपलीत हात घातला. हात कोपरापर्यंत बरबटला. मग तिने चाचपून पंधरावं अंडं शोधलं आणि म्हाळूच्या डोक्यावर वाजवलं. तेही पचकनच वाजलं.

पंधरा अंड्यांचे पैसे देऊन म्हाळू घरी आला. आणलेलं सगळं त्याच्या केसांत होतं.

गोजराने दोन्ही हात कपाळावर मारले.

"आवं, अंडी वाजवत न्हाईत, पाण्यात टाकून बघत्यात! बुडालं तर चांगलं. तरंगलं तर सोडून द्यायचं."

"पाण्यात टाकून घ्यायचं," म्हाळू म्हणाला.

चौथ्या मंगळवारी तिने विचार केला. यांना असं काहीतरी आणायला सांगावं, जे मोडत नाही, वाजत नाही, फुटत नाही. तिने सांगितलं, "दोन शेर मीठ आणा."

म्हाळूने मीठ घेतलं. वाटेत ओढा लागला. ओढा बघून त्याला बायकोची शिकवण आठवली. त्याने पिशवी उलटी केली. मीठ भरभर तळाशी गेलं. म्हाळूला धन्य वाटलं. मग ते काढायला त्याने पाण्यात हात घातला. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. ऊन कलेपर्यंत चाचपलं. शेवटी ओली पिशवी घेऊन घरी आला.

"मीठ कुठाय?"

"एक नंबरचं मीठ हुतं, गोजरा! एक खडा म्हणून तरंगला न्हाई."

गोजरा आधी हसली. हसता हसता रडायला लागली. तिचं बघून पोरही रडायला लागली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "दिलं केवढ्याला हुतं?"

"मीठवाल्यानं सांगितलं तेवढ्याला."

गोजराचं रडू जागच्या जागी थांबलं. मीठ ओढ्यात गेलं, ते तिने सोसलं असतं. पण सांगितल्या भावाने घेतलं, हे तिला सोसवेना.

"आवं, सांगितल्या भावानं का कुणी घेतंय? भाव सांगितला की पाठ फिरवायची आन् चालायला लागायचं. मागनं हाक येती. वळायचं न्हाई! दुसरी हाक येती. तरी न्हाई वळायचं! जेवढ्या हाका, तेवढा भाव खाली."

"पाठ फिरवायची. वळायचं न्हाई," म्हाळू म्हणाला.

इथे गोजरासारख्या हुशार बाईची चूक झाली. कुठवर चालायचं, ते तिने सांगितलंच नाही.

त्या आठवड्यात ठमाबाईने दुधाचा भाव वाढवला. पाणी तेवढंच ठेवलं. पोर सुकत चालली. पाचवा मंगळवार उजाडला. बाळंतिणीची सुटका व्हायला अजून तीन दिवस होते, आणि हा बाजार चुकला तर पुढचा थेट आठ दिवसांनी. गोजराने देवाचं नाव घेतलं, गाडगं काढलं आणि वीस रुपये फडक्यात बांधून म्हाळूच्या हातात दिले.

"तुकाराम धनगर वडाखाली बसतो. भला माणूस हाय. त्याची तांबडी शेळी घ्या, कपाळावर पांढरा टिळा असलेली. ध्यानात ठेवा, तिला मोडायचं न्हाई."

"न्हाई."

"वाजवायचं न्हाई."

"न्हाई."

"पाण्यात टाकायचं न्हाई!"

"अगं, मी काय खुळा हाय का?" म्हाळू म्हणाला.

गोजराने फडक्याची गाठ आणखी एकदा आवळली.

म्हाळू बाजारात वडाखाली गेला. तांबडी शेळी, पांढरा टिळा, कास भरलेली. त्याने शेळीला बोटसुद्धा लावलं नाही.

"केवढ्याला?"

"पंचवीस," धनगर म्हणाला.

"माझ्याजवळ वीस हायेत. घरात तान्ही पोर हाय. दुधासाठी रडती."

धनगर विरघळला. "तान्ह्या लेकरासाठी म्हणता? द्या मग वीस. न्या."

म्हाळूने फडकं सोडलं आणि वीस रुपये त्याच्या हातावर ठेवले. धनगर वाकून शेळीची दोरी खुंटीवरून सोडायला लागला. एवढ्यात म्हाळू दचकला. भाव सांगून झाला, पैसेही दिले, आणि आपण पाठ फिरवायची राहूनच गेली! गोजरा काय म्हणेल?

त्याने तिथल्या तिथे पाठ फिरवली आणि चालायला लागला.

धनगराने दोरी सोडून मान वर केली. समोर कोणी नाही.

"अवं पाव्हणं! शेळी!"

'एक,' म्हाळूने मनात मोजलं. वळला नाही.

"अवं पाव्हणं! शेळी ऱ्हायली की!"

'दोन.'

धनगर शेळी ओढत मागे निघाला. शेळीने चारी पाय रोवले. धनगर ओरडला, भाजीवाल्या ओरडल्या, कुंभारीणही ओरडली. म्हाळूने पाऊल उचललं. सात झाल्या. दहा झाल्या. धनगराला कळप सोडून लांब जाता येईना. ओढ्याशी थांबून तो घसा फाटेस्तोवर ओरडला, "अवं, एक पैसा नगं मला! नुसती शेळी घेऊन जावा!"

'सतरा,' म्हाळू म्हणाला आणि ओढा ओलांडून गेला.

घरी गोजरा पोरीला मांडीवर घेऊन दाराकडे डोळे लावून बसली होती. शेजारी वाटी घासूनपुसून ठेवली होती. म्हाळू छाती काढून आत आला.

"शेळी कुठाय?"

"अगं, काय तुझी अक्कल! सतरा हाका मारल्या त्यानं. पंचवीसचं वीस झालं. मग शेवटाला म्हणाला, एक पैसा नगं, फुकट न्या. तरी मी वळलो न्हाई!"

 गोजराने हात पुढे केला. "बरं. मग माझं वीस रुपये द्या हिकडं."

"ते कुठलं? ते तर मी आधीच दिलं हुतं," म्हाळू म्हणाला. "उगाच का तो एवढा मागं लागला?"

सव्वा महिन्याला तीन दिवस कमी होते. गोजराने पोरीला दुपट्यात गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि उंबरा ओलांडून बाजाराच्या वाटेला अनवाणी पळत सुटली.

"गोजरा! अगं गोजरा!" म्हाळूने हाक मारली.

ती वळली नाही.

"गोजरा! कुठं चाललीस?"

तरी वळली नाही.

म्हाळू कौतुकाने तिच्याकडे बघत राहिला. मग शेजारच्या दारातल्या ठमाबाईला म्हणाला, "बघितलंस? दोन हाका झाल्या. आता शेळीचं पाच रुपये तरी खाली आणील."