विटेतला पंजा

जनावरं सवड काढून देश बघायला जायची, त्या काळातली ही गोष्ट. एका वीटभट्टीवर म्हादबा नावाचं म्हातारं गाढव होतं आणि टिपरू नावाचं कुत्र्याचं पिल्लू. ओल्या विटांवरून पळतं म्हणून टिपरूला रोज बोलणी खावी लागत. पोर हिरमुसलेलं बघून म्हादबा म्हणाला, "चल, तुला आपला देश दाखवतो. मोठमोठ्यांनी काय काय बांधून ठेवलंय ते तरी बघ."

किल्ल्याच्या दरवाजावर दगडी हत्ती होते. राजवाड्याच्या भिंतीवर रंगवलेले घोडे उधळले होते, आणि देवळात तर जिकडे बघावं तिकडे सिंह. दर ठिकाणी टिपरूची शेपटी थोडी आणखी खाली जाई.

"म्हादबाकाका, यात आपलं कुणीच नाही का हो?"

म्हादबानं बघितलेलं सगळं आठवून पाहिलं. गाढवही त्याला कुठं दिसलं नव्हतं.

शेवटी ते एका ओस पडलेल्या जुन्या नगरात पोचले. तिथं नुसत्या विटांच्या पडक्या भिंती. दमून एका भिंतीला टेकलेलं टिपरू एकदम ताडकन उठलं. एका विटेत पंजा उमटला होता! हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ओल्या विटेवरून पळालं होतं. टिपरूनं त्यात आपला पंजा ठेवला. अगदी बरोबर बसला.

"याला मार बसला असेल का हो?"

"बोलणी तर खाल्लीच असणार," म्हादबा म्हणाला. "पण वीट कुणी टाकून दिली नाही बघ. भिंतीत लावली."

ते परतले तेव्हा भट्टीवर ओल्या विटा ओळीनं वाळत होत्या. टिपरूनं म्हादबाकडे पाहिलं. म्हादबानं हळूच तोंड दुसरीकडे फिरवलं.