भेंडीच्या फुलांचं निशाण

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची, ते तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही सांगता आलं नसतं. एका डोंगराच्या उतारावर दोन गावं होती. वरच्याला लोक वरचं गाव म्हणत आणि खालच्याला खालचं. नावं ठेवण्यात त्यांनी फारशी बुद्धी खर्च केली नव्हती. ती सगळी त्यांनी भांडणासाठी राखून ठेवली होती.

भांडण पाण्याचं होतं. डोंगरमाथ्यावर त्या मुलखाच्या राणीचं तळं होतं. उन्हाळा लागला की त्याचा पाट आधी एका गावाकडे सोडत आणि उरलं तर दुसऱ्याकडे. पहिला मान कुणाचा, हे ठरवायची रीत जुनी होती. तळ्याच्या जत्रेत प्रत्येक गावाने स्वतः छापलेलं कापडी निशाण आणायचं. जे राणीच्या मनात भरेल, त्या गावाला पहिलं पाणी. विकतचं निशाण आणणाऱ्या गावाला मात्र त्या उन्हाळ्यात थेंबही नाही.

मागच्या जत्रेत खालचं गाव हरलं होतं. भाजीचे मळे करपले, विहिरींचे तळ दिसू लागले. आणखी एक उन्हाळा असा गेला तर बिऱ्हाडं पाठीवर घेऊन गाव सोडावं लागेल, हे सगळ्यांना कळत होतं.

खालच्या गावाकडे पूर्वजांनी कोरलेला एक लाकडी ठसा होता. त्याला फक्त पाटलांनी हात लावायचा, अशी चाल होती. हरल्यावर पाटलांनी पुष्कळ विचार केला आणि ठरवलं की ठसा रुसला आहे. मग त्यांनी त्याला दुधाने आंघोळ घातली, गुळाचा नैवेद्य दाखवला, तो ओलाच मखमलीत गुंडाळला आणि गुळासकट पेटीत घालून कुलूप लावलं.

"आता जत्रेपर्यंत कुणी याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही," त्यांनी सांगितलं. माणसांनी ऐकलं, पण वाळवीने काही ऐकलं नाही.

जत्रा तोंडावर आली तेव्हा पाटलांनी सगळ्या गावासमोर पेटी उघडली. आत मखमलीच्या चिंध्या होत्या आणि मूठभर भुसा. नवा ठसा कोरायचा तर कारागीर दूर राहत होता आणि त्याला पावसाळा उजाडला असता. दोन दिवसांत ही बातमी वरच्या गावात पोहोचली आणि तिथे पेढे वाटले गेले म्हणतात.

पाटलांच्या घरात पेटी उघडली त्या दिवशी कुणाला जेवण गोड लागणार नव्हतं, पण चूल तर पेटवावीच लागते. धाकटी सून ओसरीवर भेंडी चिरत बसली होती. निशाणासाठी उकळून ठेवलेला लाल रंग शेजारीच परातीत निवत होता. तिचं चिरण्याकडे लक्ष नव्हतं. भेंडीचा एक तुकडा परातीत पडला. तिने तो उचलून बाजूला टाकला आणि नेमके तिथेच येऊन पाटील डोक्याला हात लावून बसले.

ते उठले तेव्हा पाटलीणबाईंनी पदर तोंडाला लावला. पाटलांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर, नको त्या जागी, पाच पाकळ्यांचं एक लाल फूल उमटलं होतं.

"हसताय काय? गाव बुडायला निघालंय," पाटील ओरडले.

सून हसत नव्हती. ती टक लावून पाहत होती. शेवटी धीर करून ती म्हणाली, "मामंजी, राग मानू नका. पण असं फूल आपल्या ठशालाही कधी उमटलं नव्हतं."

"मग काय, भाजीने निशाण छापू? जत्रेत तोंड दाखवायला जागा राहील का?"

"पाणी नाही मिळालं तर तोंड दाखवायला गाव तरी कुठे राहणार आहे?" पाटलीणबाई म्हणाल्या. पाटलांनी निशाणाचं कापड त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

सासू-सुना कामाला लागल्या. पण नुसती भेंडी चिरून कापडावर टेकवली की फूल थोडंच उमटतं? पहिला ठसा म्हणजे लाल चिखल झाला. ताज्या भेंडीचा चिकट रस रंगात मिसळत होता. पाटलीणबाईंनी तुकडे राखेवर पालथे घालून ठेवले, मग पुसून घेतले. रंगात बुडवण्याऐवजी सुनेने फडक्याची जाड घडी रंगात भिजवली आणि भेंडी तिच्यावर हलकेच टेकवली. मग कापडावर टेकवून उचलली. फूल आलं. पाकळ्या सुट्या, मधली बियांची घरं स्वच्छ. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांना रडूच आलं.

दुपारपर्यंत सगळं गाव ओसरीवर जमलं. कुणी कांदा आडवा कापून आणला, त्याची वर्तुळात वर्तुळं उमटली. कुणी केळीच्या पानाचा दांडा कापला, त्याची जाळीदार चंद्रकोर झाली. म्हाताऱ्यांनी पिंपळाची पानं रंगवून दाबली, तर शीर न् शीर उठली. भेंडी मऊ पडली की फेकायची आणि नवी कापायची. ज्यांनी जन्मात ठशाला बोट लावलं नव्हतं, त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले.

पाटील मात्र दोरी घेऊन फुलं मोजत होते. "हे मोठं झालं. हे लहान झालं. एकसारखं काही नाही," ते कुरकुरले. कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या कामात लक्ष देण्यासारखं काही नव्हतंही.

जत्रेच्या दिवशी निशाण उभारलं गेलं. ते वाऱ्यावर फडफडलं तेव्हा माणसं चालता चालता थांबली. वरच्या गावच्या पाटलाचे पेढे घशात अडकले. तो पुढे झाला आणि राणीला मुजरा करून म्हणाला, "सरकार, यांचा ठसा वाळवीने खाल्ला. साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. ठसा नाही तर छापलं कशाने? हे निशाण विकतचं आहे."

राणीने विचारलं, "पाटील, तुमचा ठसा आहे का?"

"नाही सरकार. माझ्याच चुकीने गेला. पण निशाण आमचंच आहे."

"कशावरून?"

पाटलांनी सुनेकडे पाहिलं. गावाचं सगळं पाणी आता या एका उत्तरावर आलं होतं. तेव्हा धाकटी सून गर्दीतून पुढे आली. पदर सावरून ती म्हणाली, "सरकार, थोडी भेंडी मागवता का?"

जत्रेत हशा पिकला. राणी हसली नाही. तिने मुदपाकखान्यातून भेंडी मागवली, कांदे मागवले, रंगाऱ्याकडून रंग आणि एक कोरं कापड मागवलं. खालचं गाव जमिनीवर फतकल मारून बसलं.

"पहिला ठसा पाटलांनी मारावा," राणी म्हणाली. "तुम्हीच शब्द दिलाय ना?"

पाटलांनी कधी भाजीला हात लावला नव्हता. त्यांनी भेंडी धरली आणि सगळं बळ लावून दाबली. पांढऱ्या कापडावर मधोमध एक लाल डाग पडला. वरच्या गावाने टाळ्या पिटल्या. पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मामंजी, हात हलका ठेवा," सून हळूच म्हणाली. "दुसरी भेंडी घ्या."

त्यांनी दुसरी घेतली. ह्या खेपेला ती नुसती टेकवली आणि उचलली. डागाशेजारी एक फूल उमललं. पाटलांनी ते पाहिलं, आणि मग त्यांना कुणी थांबवू शकलं नाही. डागाभोवती त्यांनी फुलांचं रिंगण घातलं. पाटलीणबाईंनी कडेने कांद्याची वर्तुळं फिरवली. आज्यांनी पानं दाबली, पोरांनी बोटांचे ठिपके दिले, हलगीवाल्याने आपोआप ताल धरला. बघता बघता कापड भरलं. मधला डाग आता डाग राहिला नव्हता. सगळी फुलं त्याच्याभोवती फेर धरून नाचत होती.

राणी उठून जवळ आली. तिने स्वतः एक भेंडी उचलली, टेकवली आणि आपलं फूल पाहून मनापासून हसली. मग ती वरच्या गावाकडे वळली.

"आता तुमचं गाव. बसा छापायला."

वरच्या गावाचा पाटील इकडे तिकडे पाहू लागला. त्यांचा ठसा घरी पेटीत होता. तो चालवणारा एकच माणूस होता आणि यंदाचं निशाण छापून होताच तो तापाने अंथरुणाला खिळला होता. बाकी कुणाच्या हाताला आजवर रंग लागलाच नव्हता. त्या सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"यांनी भाजीच्या टोपलीतून निशाण काढलं," राणी म्हणाली. "पहिलं पाणी खालच्या गावाला. आणि तुमच्या बायकापोरांना यांच्याकडे शिकायला पाठवा, म्हणजे पुढच्या वर्षी मलाही निवड करायला मजा येईल."

तळ्याची दारं उघडली. पाणी खळाळत पाटात शिरलं आणि खालच्या गावाकडे धावलं. त्याच्या काठाने अख्खं गाव धावत होतं. सगळ्यांत पुढे लाल हातांचे पाटील होते. पाणी पहिल्या मळ्यात शिरलं तेव्हा ते तसेच धोतरासकट त्यात उतरले. सुनेला हाक मारून ते साऱ्या गावादेखत म्हणाले, "पोरी, पुढच्या वर्षी पहिला ठसा तू मारायचास."

त्या उन्हाळ्यात खालच्या गावातून एकही बिऱ्हाड हललं नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, बोध एवढाच: हातातली कला कुलपात ठेवून टिकत नाही, ती जितक्या हातांत जाईल, तितकी संकटात उपयोगी पडते.