सदोबाने सहल नेली

वडगावात सदोबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा हे लोक त्याच्या तोंडावर म्हणत. पाठीमागे दुसरंच म्हणत.

त्याच गावात म्हाताऱ्यांचं एक व्यायाम मंडळ होतं. रोज सकाळी मैदानात जमायचं, दोनदा हात वर करायचे आणि मग तासभर सुनांना नावं ठेवायची, हा त्यांचा व्यायाम. त्यांनी समुद्रावर सहल काढायची ठरवली. मंडळात निवृत्त साहेबच फार. हुकूम सोडायला सगळे पुढे, काम करायला कुणी नाही. म्हणून काम सदोबाच्या गळ्यात पडलं.

मंडळाच्या अध्यक्ष द्वारकाताई. जन्मभर मुख्याध्यापिका. त्या म्हणाल्या, "सदोबा, गाडी अशी बघ की आमच्या गुडघ्यांना चढायला त्रास नको."

सदोबाने म्हशी नेण्याचा टेंपो आणला.

"हे काय?"

"पायरीच नाही, ताई. फळी लावली की म्हशीसुद्धा चढतात. तुम्ही तर काय!"

"मूर्खा, आधी खुर्च्या मऊ आहेत का ते बघायचं!"

"बरं," सदोबा म्हणाला.

मग त्याला मुक्कामाची जागा बघायला पाठवलं. तो हसत परत आला. "झकास जागा मिळाली. हजार खुर्च्या, सगळ्या मऊ."

त्याने नाट्यगृह ठरवलं होतं.

द्वारकाताईंचे यजमान बापूसाहेब, माजी मामलेदार, ओरडले, "अरे, आम्ही रात्री झोपायचं कसं? दुसऱ्याला एखादी गोष्ट देण्याआधी ती स्वतः घेऊन बघावी!"

"बरं," सदोबा म्हणाला.

शेवटी बस आणि धर्मशाळा बापूसाहेबांच्या जावयाने ठरवली. सदोबाकडे एवढंच काम राहिलं: सगळ्यांची औषधं एका पिशवीत गोळा करायची आणि वेळेवर द्यायची. त्याने पिशवी भरली आणि देण्याआधी सगळं स्वतः घेऊन बघितलं. त्यात एकाचं झोपेचं होतं, एकाचं पोट साफ व्हायचं. दोन्ही एकदमच लागू पडली.

सहल पुढे ढकलावी लागली. सदोबाची गादी फेकून द्यावी लागली.

"गाढवा!" द्वारकाताई कडाडल्या. "दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही!"

"बरं," सदोबा क्षीण आवाजात म्हणाला.

अखेर बस निघाली. सदोबाला घरीच ठेवावं, असं प्रत्येकाला वाटत होतं. पण मग सामान कोण उचलणार?

घाटात चहाला थांबले. द्वारकाताई उतरल्या, पाय घसरला आणि रस्त्याकडेच्या चिखलात बसल्या.

"सदोबा, हात दे!"

सदोबाने हात पाठीमागे नेले. "कसा देऊ? तुम्ही बापूसाहेबांच्या. आणि ते बसमध्ये घोरतायत. उठले की विचारतो."

चहावाल्याने त्यांना बाहेर काढलं. लुगड्यावरून चिखल ओघळत होता. त्या दात खाऊन म्हणाल्या, "नीट ऐक. म्हातारं माणूस बाहेर दिसलं की विचारत बसायचं नाही! धरायचं आणि गाडीत बसवायचं!"

"बरं," सदोबा म्हणाला.

समुद्र बघून झाला. परतायच्या दिवशी दुपारी मंडळी शेवटचे पाय भिजवायला गेली. सदोबा बसपाशी थांबला. शेजारीच दुसऱ्या गावचं एक भजनी मंडळ शेंगा खात उभं होतं. सगळे पांढऱ्या केसांचे.

सदोबाने पहिल्या आजोबांना धरलं.

"अहो, कोण तुम्ही? कुठं नेताय?"

"विचारत बसायचं नाही," सदोबा म्हणाला आणि त्यांना आत बसवलं.

त्याने एकेकाला धरून बस भरली. त्यांना वाटलं, आपल्याच लोकांनी गाडी बदलली असेल. खुर्च्या मऊ होत्या. कुणी फारशी तक्रार केली नाही. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. त्याला सगळे म्हातारे सारखेच दिसत. त्याने बस सोडली.

दिवेलागणीला बस वडगावात आली. मुलं-सुना न्यायला उभ्या होत्या. भजनी मंडळ एकेक करून उतरलं. मुलं त्यांच्याकडे बघत राहिली आणि ते मुलांकडे.

एवढ्यात सदोबाचा फोन वाजला. द्वारकाताईंना आत्ता कुठे रेंज मिळाली होती.

"मेल्या, कुठे आहेस तू? आम्ही दुपारपासून इथे वाळूत उभे आहोत!"

"ताई, असं काय करता?" सदोबा समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुम्ही सगळे सुखरूप घरी पोचलात. मी स्वतः धरून बसवलं होतं ना!"