शाबूत काठांचे पान

त्या टेकडीवरच्या प्रत्येक बिळात ऐकण्याची सोय होती, बोलण्याची नव्हती. टेकडीच्या पोटातून वाळवीने मोठे भुयार नेले होते आणि त्याचा एकेक फाटा प्रत्येक बिळाच्या तोंडाशी आणून सोडला होता. आत येणारी वाट सशाच्या अंगाइतकी रुंद होती, बाहेर जाणारी बोरूएवढी. रुंद वाटेने दिवसभर पाने येत. त्यांवर गाणी कोरलेली असत, गोष्टी असत, लांबच्या टेकड्यांवरची भांडणे असत. कुणाला स्वतःचे काही पाठवायचे असेल तर त्याने पानाची सुरळी करून ती वाळवीच्या कोठारात द्यावी, ज्याला हवी त्याने तिथून मागवावी. कोठार फुकट होते. वाळवी पाने वाचत नसे, फक्त त्यांचे काठ खात असे. काठात असते काय, असे टेकडीवर सगळेच म्हणत.

रानउंदरांच्या पानांत काठातच सगळे असे. अंधारात पंजा आधी काठावर पडतो, म्हणून धोक्याची खूण काठावर कोरायची, ही त्यांची रीत. धुरपा नावाच्या उंदरिणीकडे तिच्या आईने कोरलेले कंदांचे पान होते. मध्ये कंदांची चित्रे आणि विषारी कंदांसमोर काठावर खोल खाच. पलीकडच्या उतारावर राहणाऱ्या धाकट्या बहिणीला, भागूला, तिने गेल्या हंगामात त्या पानाची नक्कल कोठारातून पाठवली. चित्रे पोचली, काठ पोचला नाही. भागूची दोन पिल्ले गेली.

यंदा कोठारातून भागूचा निरोप आला. "कोठारातून आलेलं पान माझी पिल्लं शिवणार नाहीत. तुझ्या दारातून, तुझ्या हातचं दे. माझा मुंगळा रोज दुपारी येईल. तोवर तिघं वाळल्या गवतावर आहेत."

धुरपाने बिळात एक कोनाडा कोरला, त्यात आईचे पान आणि त्याच्या नकला रचल्या. मागायला येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवायचे ठरवले. उघड्या दारातून गोमाही येतात, हे तिला ठाऊक होते. म्हणून तिने राधक्का नावाच्या सायाळीला राखणीला बोलावले.

राधक्का आली आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. आल्यागेल्याला पाठ दाखवायची नाही, हा टेकडीवरचा शिष्टाचार. त्यामुळे राधक्का दाराकडे तोंड करून बसली आणि तिचे सगळे काटे घराकडे वळले. धुरपाला स्वतःच्याच दारापर्यंत जाता येईना. दोन नकला काट्यांत फाटल्या. संध्याकाळी आत येणाऱ्या एका पानाला चिकटून एक गोम राधक्काच्या हनुवटीखालून सरळ आत शिरली. कसेबसे तिला हुसकावल्यावर धुरपा म्हणाली, "अक्का, रागावू नका, पण जगाकडे पाठ करून बसा."

"बरं दिसतं का ते?"

"दिसू दे वाईट."

राधक्का कुरकुरत वळली. त्यानंतर गोमा फिरकल्या नाहीत. पण मुंगळाही आला नाही. चौथ्या दुपारी राधक्काने कान टवकारले. "बाई, आपल्यापुढं अजून कुणीतरी बसलंय."

वाळवीने फाटा देतानाच प्रत्येक दारात एक कासव बसवून दिले होते. ते इतके जुने आणि इतके स्थिर होते की धुरपा त्याला दगड समजत आली होती. आता बाहेरून त्याचा आवाज येत होता.

"बोलावणं होतं का?" कासव विचारत होते.

"भागूबाईंनी पाठवलंय, पान न्यायला," मुंगळा म्हणाला.

"आतून कुणी तुला बोलावलं का, ते विचारतोय. आतून आधी कुणी गेलं, तर त्याचं उत्तर आत येतं. बाकी काही येत नाही."

"पण घरचे वाट बघताहेत की."

"वाट बघणं म्हणजे बोलावणं नव्हे. जा."

राधक्का संतापली. "ए दगडा, दारावर मी आहे ना? कुणाला घ्यायचं ते मी बघीन."

"तुम्ही तुमच्या मालकिणीचं दार राखता, अक्का. मी माझ्या मालकिणीचं."

धुरपा त्याच दिवशी वाळवीच्या चौकीवर गेली. तिथल्या वाळवीने तिचे सगळे ऐकून घेतले आणि ती आत निघून गेली. दुसरी आली. धुरपाने पहिल्यापासून सांगितले. तीही गेली. तिसरी म्हणाली, "आम्ही नोंद घेतली आहे."

"नोंद नको. कासव हलवा."

"कासव तुमच्या सुरक्षेसाठी आहे."

"त्यासाठी माझी सायाळ आहे. मला माझ्या बहिणीला पान द्यायचंय."

"तुमचं बीळ घरगुती आहे, ताई," वाळवी समजुतीने म्हणाली. "घरगुती बिळानं खायचं असतं. खाऊ घालणारी बिळं वेगळी, ती वरच्या अंगाला मिळतात. आणि पानच द्यायचं तर आमचं कोठार आहे की. एवढी माया आहे बहिणीवर, तर कोठाराचं वावडं का?"

"तिची दोन पिल्लं त्या कोठारानं खाल्ली."

"आम्ही फक्त काठ खातो," वाळवी म्हणाली. तिला खरोखरच वाईट वाटल्यासारखे दिसले. मग चौथी आली.

धुरपा परत आली आणि दोन दिवस कासवाच्या पाठीकडे बघत बसली. त्या पाठीचा तिला जितका तिटकारा आला तितका तिला सापाचाही कधी आला नव्हता. तिसऱ्या दिवशी राधक्काच म्हणाली, "भागूच्या दारातही असाच धोंडा असणार ना? मग त्यानं काय पाहिलं? रोज एक मुंगळा इकडं जाताना पाहिला. आता इकडून कुणी गेलं, तर ते त्याला काय वाटेल?"

"उत्तर," धुरपा म्हणाली.

दुपारी, नेहमीप्रमाणे भागूचा मुंगळा हाकलला गेला, आणि त्याच्या मागोमाग धुरपाचा मुंगळा बोरूएवढ्या वाटेने बाहेर पडला. पाठीवर नकलेची घट्ट सुरळी होती. बाहेर जाणाऱ्याला कासव काही विचारत नसे. भुयारात वाळवीने त्याला दोनदा हुंगले. तो थांबला नाही. भागूच्या दारातले कासव म्हणाले, "उत्तर आहे का?" मुंगळा म्हणाला, "आहे." कासव सरकले.

भागूने सुरळी उलगडली आणि काठावरून पंजा फिरवला. पहिली खाच लागली, दुसरी लागली, तिसरी. सगळ्या होत्या. तिने थोरल्या लेकीला, सोनकीला, पान धरायला दिले. "सांभाळ. शेजारच्यांना बोलावून आणते, सगळे एकदमच बघू दे." ती धावतच गेली.

सोनकीने पान उजेडाकडे धरले. धाकटी दोघे जवळ आली.

"हे असं काय गं?" एकाने विचारले.

"बनावट वाटतंय," दुसरा म्हणाला.

सोनकीने पान उलटसुलट करून पाहिले. जन्मापासून भुयारातून आलेली शेकडो पाने तिने पाहिली होती, असे एकही नव्हते. बाहेर शेजाऱ्यांची पावले वाजू लागली. एवढ्या लोकांसमोर आई खोटी पडेल, या विचाराने ती कासावीस झाली. मग ती भिंतीशी टेकून बसली, पान मांडीवर घेतले, आणि आपल्या बारीक दातांनी, फार काळजीपूर्वक, कुठेही वाकडेतिकडे न होऊ देता, त्याचे काठ खाऊ लागली.