माहेरवाशिणीचं माप

एका राज्यात खाडीकाठी इतक्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, होत्या की ओहोटीला चिखल पांढरा दिसे. लोकांनी पाट्यांमागून पाट्या उपसल्या, नखाएवढं पिल्लूही ठेवलं नाही. हावरटपणाला काय औषध? खाडीतला मांत्रिक जलंभट कोपला आणि त्याने शाप दिला. तिसऱ्यांनी तोंडं मिटली. दिवसभर उकळा, एक उघडेल तर शपथ!

राजा सुकेतूची लेक मंजुळा सासरी पहिलटकरीण होती. तिच्या पोटात अन्न ठरेना. डोहाळे एकच, माहेरच्या तिसऱ्यांचं सार. राजाने बोलक्या बगळ्याला जलंभटाकडे धाडलं. बगळा शाप सुटण्याच्या तीन अटी घेऊन परतला.

"राजन्, पावसाळाभर खाडीत पाऊल नको. लहानगी तिसरी दिसली तर परत चिखलात. आणि दर अवसेला घरटी एकच पाटी, तीही सपाट, वर शीग चढवायची नाही."

पहिल्या दोन अटी लोकांनी पाळल्या. शेवटच्या अटीपाशी घोडं अडलं. दोन अवसा गेल्या, तिसऱ्या मिटलेल्याच. राजाने माप घालणाऱ्या भागाबाई कोळिणीला बोलावलं.

"भागाबाई, शीग कुणाला दिलीस?"

"म्हाराज, फकस्त माहेरवाशिणींना. लेकीला कुनी सपाट माप घालतं काय?"

बगळा म्हणाला, "राजन्, इथली प्रत्येक बाई कुणाची तरी लेकच आहे."

राजाला हसू आलं आणि रडूही.

तिसऱ्या अवसेला मंजुळा आली. गाल बसलेले, चालवत नव्हतं. राजाने स्वतः माप घातलं. राजवाड्याची पाटी भरली, वरची शीग पुसून खाडीत सोडली आणि ती सपाट पाटी लेकीपुढे ठेवली. बापाचं काळीज तुटत होतं.

तोच भागाबाईने आपल्या पाटीतली ओंजळ उचलून मंजुळेच्या पाटीत घातली. मागून दुसरीने घातली, मग तिसरीने. बघता बघता शीग चढली.

पाणी दुभंगून जलंभट वर आला. "ही शीग कुठली?"

"आमच्या घासातली," भागाबाई म्हणाली. "तुज्या खाडीतली एकबी जास्तीची न्हाई."

जलंभटाने बायकांच्या पाट्या पाहिल्या, प्रत्येक ओंजळभर उणी होती. त्याची मान खाली गेली आणि शाप सुटला. मंजुळेची पाटी चुलीवर चढली, तशा टोपात तिसऱ्या टकटक उघडू लागल्या.

मंजुळा तीन वाट्या सार प्यायली, पोटात ठरलं, गालांवर रंग आला. घरची पाटी लेकीला गेली म्हणून राजाच्या पानात नुसता भात होता. असा गोड भात जन्मात खाल्ला नाही, असं तो सांगत सुटला.

खाडी भरली, लेक निवली. तुमच्याही घरी पोटं भरोत.