एका दोराला तिघं

“दारू सुटलेला माणूस असा कसा गेला, बुवा?”

डॉक्टर ऊर्मिला सबनीस यांनी चपला काढायच्या आधीच विचारलं.

भैरोबाच्या देवळात आम्ही नेहमीची मंडळी बसलो होतो, बुवा समईची वात सारखी करत होते. उभी हयात पलटणीत धर्मगुरू म्हणून गेली. जवान त्यांना पंडितजी म्हणत, गावात आल्यावर बुवा झाले. आमच्या गावात घरटी एक फौजी, म्हणून तर ही बाई पुण्याहून येत राहिली. फौजींची मनं आणि फौजींची दारू, हा तिचा अभ्यास. बाई हुशार, आणि आपण हुशार आहोत हे तिला पक्कं ठाऊक.

“हणमंत?” बुवा म्हणाले.

“हणमंत.”

हणमंत जगदाळे गेल्या महिन्यात रजेवर आला आणि त्यानं स्वतःला संपवलं. आईच्या हातचं जेवला होता. त्या घरावरून जायचं मी अजून टाळतो.

“वर्षभर थेंब नाही घेतला त्यानं,” बाई म्हणाली. “मी त्याला पुण्याच्या सभेत सगळ्यांपुढे उभा केला. टाळ्या वाजल्या. आणि आज त्याची आई मला विचारते, तुम्ही तर म्हणाला होता पोरगं बरं झालं... माझ्या अभ्यासात चुकलं कुठं?”

बुवांनी समईवरचा हात मागे घेतला.

“का सोडली, ते विचारलंस त्याला?”

“सोडली, हे महत्त्वाचं होतं ना.”

“मला सांगितलं होतं त्यानं. म्हणाला, पंडितजी, प्यायल्यावर तोंड उघडतं.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“शाल-नारळ देऊन सत्कार केला. चार लोकांत पाठ थोपटली.”

एवढ्या वर्षांत बुवांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा पाहिले.

तेवढ्यात लहू पायऱ्या चढून आला. हणमंतच्याच पलटणीतला, त्याचा शेजारी. यंदाच निवृत्त होऊन आलेला. खिशात कॅन्टीनची रम, पाय जागेवर नाहीत. रोज संध्याकाळी यायचं, बुवांना शिव्या घालायच्या आणि तिथंच कलंडायचं, हा त्याचा नेम. आम्ही त्याला हसायचो. हणमंत गेल्यापासून कुणी हसत नाही.

बुवा सरकले. “बस.”

“देवळात हे चालतं?” बाईनं विचारलं.

“बोलतोय तोवर चालतं.”

लहू बसला. आज त्यानं शिव्या घातल्या नाहीत.

“उद्यापासनं बंद, पंडितजी. हणमंतागत. एकदम बंद.”

महिन्यापूर्वी हे ऐकून बाईला कोण आनंद झाला असता. आता तिच्या तोंडावरचा रंगच उडाला.

“का, लहू?” तिनं हळू विचारलं.

लहू तिच्याकडे बघतच राहिला. त्याला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“बर्फात गेल्याल्या रघूच्या आईच्या दारात गेलो हुतो काल. प्यालेला हुतो... सगळं तोंडावर आलं हुतं.”

“काय आलं होतं?”

“दोर,” लहू म्हणाला. “बर्फात आमी तिघं एका दोराला. म्होरं रघू, मधी हणमंत, मागं मी. रघूच्या पायाखालचा बर्फ फुटला. अशा वक्ताला वढायचं नसतं, बाई. पाय रोवायचं आन् नुस्तं धरायचं, मागनं मानसं येस्तवर. शिकीवलेलं असतंय आमाला. पर हणमंताचा लई जीव रघूवर... त्यानं वढलं. बर्फाच्या धारंवर दोर तुटला.”

माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मी बगितलं,” लहू म्हणाला. “त्यालाबी ठावं हुतं, मी बगितलंय. पर आमी दोगं एकमेकाशी कदी बोललो न्हाई. एका बराकीत झोपायचो. बोललो न्हाई.”

तो उठला. बाटली पायरीवर ठेवली, दारू सोडताना हणमंतनं ठेवली असेल तशीच नीट, आणि जायला वळला.

बाईनं धावत जाऊन दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडलं. “लहू, थांबा. असे जाऊ नका. आत्ताच्या आत्ता चला माझ्याबरोबर पुण्याला. मी दवाखान्यात सांगते, औषधं सुरू करू, सगळं करू...” ती त्याला गाडीकडे न्यायला लागली. रडत होती बिचारी. लहूचं अंग ताठ झालं आणि तो हात सोडवायला हिसके देऊ लागला.

बुवा गुडघ्यांवर हात टेकून उठले. दोघांच्या हातांवर त्यांनी आपला हात ठेवला.

“ओढू नकोस, पोरी. नुसतं धर.”