कण्हदासाचा कोनाडा

एका राज्यात राजा होता हट्टी, आणि डोंगर त्याहून हट्टी. डोंगराच्या पोटात सोनं होतं, सोन्यावर कंटक मांत्रिकाचा शाप होता. तरी राजा उदग्रसेनाला हाव सुटली. त्याने कण्हदास पाथरवटाला आज्ञा केली, "पायथ्याशी खण."

कण्हदास म्हणाला, "महाराज, घराला आधी पाया, लेण्याला आधी छत. खालून पोखरलं तर डोंगर कोपतो."

पण राजहट्टापुढे कुणाचं काय चालतंय! पहिला घाव बसला, आणि डोंगराने कण्हदासाला अख्खा गिळला. त्याच क्षणी राजाच्या उजव्या हाताचा दगड झाला.

कण्हदासाची बायको नागसिरी, पाथरवटाचीच लेक. ती ऊर बडवून रडली, मग पदर खोचून तिने नवऱ्याची छिन्नी उचलली. तोच कड्यावरची साळुंकी बोलली, "बाई, डोंगर तीन गोष्टी मागतो. लेणं वरून खाली कोर. भिंती रंगव, पण आत दिवा लावू नकोस, काजळीने चित्रं मरतात. आणि सोनं दिसलं तर जिथल्या तिथे राहू दे."

"आणि माझा धनी?"

"शेवटच्या भिंतीत उभा आहे. जिवंत आहे."

नागसिरीने आधी छत कोरलं, मग खांब, शेवटी जमीन. कोरताना परांची बांधायची गरजच पडली नाही, पायाखालचा दगड हीच तिची परांची. रंगवायची वेळ आली तर आत मिट्ट काळोख. तिने जमिनीवर पाणी साठवलं. दारातून ऊन आलं, पाण्यावर पडलं आणि उसळून भिंतीवर नाचू लागलं. त्या उजेडात तिने शिडीवर चढून छतावर कमळं फुलवली, हत्ती आणि हरणं रंगवली. हरणं अशी हुबेहूब, की साळुंकी त्यांच्या पाठीवर बसायला गेली आणि भिंतीवर आपटली! आणि तो कमळ धरलेला बोधिसत्त्व! काय सांगू बाबांनो त्याचे डोळे! बघणाऱ्याचा राग तिथेच गळून पडावा.

मग तिने शेवटची भिंत कोरायला घेतली. तिच्यातून आधी कण्हदासाचं कपाळ दिसू लागलं, मग खांदे. पण खांद्यालगतच सोन्याची शीर चमकली.

काम बघायला आलेला राजा ओरडला, "आधी सोनं काढ!"

"महाराज, दगड एकच आहे. सोनं काढलं तर माझ्या धन्याची छाती फुटेल. लेण्यात जोडकाम नसतं, उडालेला टवका परत बसत नाही."

राजाने रागाने मान फिरवली, तो समोर बोधिसत्त्व. राजा बघतच राहिला. मग आपल्या दगडी हाताकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, सोनं राहू दे. ह्याला सोडव."

नागसिरीने शेवटचा घाव हलकेच घातला. कण्हदास धूळ झटकत बाहेर आला, वर बघून म्हणाला, "छत कुणी कोरलं? झकास उतरलंय." त्यावर नागसिरी हसली, आणि हसता हसता रडली.

शाप सुटला, राजाचा हात मऊ झाला. त्याच हाताने उदक सोडून राजाने ते लेणं भिक्षूंना पावसाळ्यात राहायला दान दिलं.

मागच्या भिंतीतला माणसाएवढा कोनाडा अजून रिकामा आहे. येणारे-जाणारे विचारतात, "इथली मूर्ती गेली कुठे?"

साळुंकी सांगते, "घरी गेली, बायकोबरोबर."